डावीकडची पिशवी

दोघी जावा मिळून लाँड्री चालवत. धाकटी धुलाई बघे, थोरली इस्त्री. थोरलीची पाळी जाऊन आठेक वर्षं झाली होती. त्यामुळे घरच्या चादरीवर रक्ताचा डाग दिसला, तेव्हा धाकटी चरकली. घरात बायका दोघीच, आणि डाग आपला नाही हे तिला ठाऊक होतं.

थोरलीने आधी उडवून लावलं, मूळव्याध असेल म्हणाली. धाकटीने तिला जवळजवळ ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जरा जाड दिसलं, म्हणून आतला तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट चांगला आला. थोरली पुन्हा इस्त्रीला उभी राहिली.

पण डाग थांबेनात. एका दुपारी गिऱ्हाईक नसताना, कॉलर दाबता दाबता थोरली म्हणाली, "मला दोन पिशव्या आहेत."

धाकटीला आधी कपड्यांच्याच पिशव्या वाटल्या.

मग थोरलीने सगळं सांगितलं. तिला तीनदा दिवस गेले होते, एकदाही टिकले नाहीत. तिसऱ्या खेपेला कळलं की गर्भाशय जन्मापासूनच दोन वेगळ्या पिशव्यांचं आहे. "दोन खोल्या, पण भाडेकरू एक टिकेना," असं सासूबाई हसत म्हणाल्या होत्या. त्यानंतर तिने हा विषय कुणाकडेच काढला नाही. धाकटी तेव्हा घरात आलीही नव्हती.

"ताई, हे डॉक्टरीणबाईंना सांगितलंत का?"

"त्यांनी विचारलं नाही. आणि आता मूलबाळाचा प्रश्नच कुठे उरलाय?"

धाकटीने मशीन बंद केलं आणि शटर ओढलं.

डॉक्टरीणबाईंनी जुनी सोनोग्राफी पुन्हा पाहिली. डावीकडची छोटी पिशवी त्यात साधी गाठ समजली गेली होती. "तुकडा एकाच बाजूचा घेतला गेला. चूक आमची," त्या म्हणाल्या.

या वेळी दोन्हीकडचा घेतला. डावीकडे कर्करोग निघाला, अगदी सुरुवातीचा. धाकटी रडली, थोरलीने तिला पाणी दिलं. ऑपरेशन नीट पार पडलं. पुढे फक्त अधूनमधून तपासणी करायची होती.

भूल उतरल्यावर थोरलीने विचारलं, "दोन्ही काढल्या?"

"दोन्ही."

"तिसरं बाळ कुठल्या बाजूला होतं, ते मी कधी विचारलंच नाही," थोरली म्हणाली.

धाकटीने ताईंच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

वजन उचलायला दीड महिना मनाई होती. थोरली गल्ल्यावर बसू लागली आणि आठवड्याभरात दोन गिऱ्हाइकांशी भांडली.