आपला पियानो

पावतीकाका हे नाव त्यांना बायकोच्या भाचीने दिलं आणि ते इतकं फिट्ट बसलं, की आता खुद्द मावशी, म्हणजे त्यांची बायको, बहिणीला फोनवर सांगते, "थांब जरा, पावतीकाका आंघोळीला गेलेत, मग बोलते." छत्री मोडून फेकली तरी तिची पावती जपणारा हा माणूस. नोकरीही साजेशीच मिळाली. घरगुती यंत्रांच्या दुरुस्ती केंद्रात ते वॉरंटीच्या खिडकीत बसतात. लोक जळके मिक्सर तान्ह्या बाळासारखे उराशी धरून येतात. काका झाकण उघडून आत नाक घालतात आणि शांतपणे सांगतात, "यात पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही." निम्म्या गावाला त्यांनी असं हात हलवत परत पाठवलंय, तरी कुणाबद्दल त्यांच्या मनात आकस नाही. आकस सगळा एकाच माणसासाठी राखून ठेवलाय. साडूसाठी.

साडू म्हणजे छोटीचा नवरा. छोटी ही मावशीची धाकटी बहीण. चाळिशी उलटली तरी छोटीच. साडू मालवाहू बोटीवर इंजिनियर. सहा महिने पाण्यात, चार महिने घरी, आणि घरी येताना दर खेपेला काहीतरी घेऊन, तेही अशा भावात की ऐकता ऐकता काकांचा चहा निवावा. या खेपेला त्यांनी डिजिटल पियानो आणला. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, बोटाला खऱ्यासारखा जड लागणारा.

"कितीला पडला?" काकांनी दारातच विचारलं. चपला काढायच्या राहिल्या होत्या.

साडूंनी आकडा सांगितला. इथल्या दुकानातल्या किमतीच्या जेमतेम दोन तृतीयांश.

"आणि वॉरंटी?"

"असेल कुठेतरी कागद."

"कुठेतरी!" काकांना एखाद्याने देव्हारा कुठेतरी ठेवलाय म्हटल्यासारखं झालं. "अहो, ज्या देशात घेतला त्याच देशात ती चालते. उद्या बिघडला तर बोट मागे वळवणार का?"

"बिघडेल तेव्हा बघू, साडूसाहेब. लग्न करताना तरी कुठे वॉरंटी घेतली होती?"

"घेतली असती," छोटी आतून म्हणाली, "तर मी हे मुदतीतच परत केले असते."

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात उरलेला एक तृतीयांश फिरत होता.

पियानो भाचीसाठी आणलेला. ती पंधरा दिवसांत कंटाळली. पण मावशी शाळेत असताना संगीताच्या बाईंकडे पियानो शिकली होती. पुढे संसारात तो विषयच निघाला नाही, कारण विषय निघायला घरात पियानो असावा लागतो. एकदा सहज म्हणून ती छोटीकडे स्टुलावर बसली आणि बोटांना आपणहून आठवत गेलं. मग ती रोज दुपारी जायला लागली.

"अहो, आपणही घेऊ या का एक?" तिने विचारलं.

"घेऊ की. पण डोळे उघडे ठेवून."

डोळे उघडे ठेवण्यात तीन महिने गेले. एका देशात किंमत सगळ्यात कमी, पण वॉरंटी वर्षभराची, आणि धूड आपणच दुकानात नेऊन द्यायचं. दुसऱ्या देशात वॉरंटी दहा वर्षांची, पण नोंदणीला पत्ता तिथला हवा. तिसऱ्या देशातून भाडं धरूनही परवडत होता, तर त्याचा अ‍ॅडॉप्टर इथल्या विजेवर चालेना. इथे भाव जबर, पण पाच वर्षं हमी आणि कारागीर घरी येणार. चलनांचे दर रोज हलायचे आणि रोज वेगळाच देश जिंकायचा. काका पानावर बसले की निकाल जाहीर करायचे.

"आज कोण पुढे?" मावशी वाढता वाढता विचारायची.

मग एके दिवशी तिने विचारायचं सोडलं. ते काकांच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते वेगळंच. ती छोटीकडून येताना गुणगुणत यायची, भांडी लावताना ओट्यावर तिची बोटं चालायची, आणि बोलण्यात सारखं, "छोटीचे हे म्हणाले, ताई, तुमचा हात फार हलका आहे."

"हे कधी ऐकतात?"

"शेजारी खुर्ची टाकून बसतात की."

"त्यांना दुसरं काम नाही?"

"रजेवर आहेत ना."

"रजेवर माणसाने झोपावं."

अशात बातमी आली, की साडूंच्या पियानोची मधली एक पट्टी मुकी झाली. काका "अरेरे" म्हणाले, पण असं काही म्हणाले की मावशीने मान वर करून बघितलं. त्यांनी साडूंना आपणहून फोन केला, जो ते वाढदिवसालाही करत नाहीत. "ऐकून वाईट वाटलं हो," ते म्हणाले, "तरी मी म्हटलं होतं." हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. त्या दिवशी त्यांना जेवण चांगलं गेलं.

तिसऱ्या दिवशी मावशी धापा टाकत घरात आली. हाताला काळं लागलेलं, केसांत जळमट.

"झाला हो! झाला आपला पियानो सुरू! छोटीच्या ह्यांनी खालचे सगळे स्क्रू काढले, मी बॅटरी धरली. आत काय निघावं? भाचीची केसांची पिन!"

स्क्रू, बॅटरी, पिन, काकांच्या कानात काहीच शिरलं नाही. एकच शब्द आत जाऊन बसला.

"आपला?"

"काय?"

"आपला पियानो म्हणालीस. आपला म्हणजे कुणाकुणाचा? त्यात मी धरलाय का?"

"अहो, त्यांचाच. तोंडात बसलंय."

"तोंडात बसायलाही वेळ लागतो."

"लागला ना," मावशी हात धुता धुता म्हणाली. "तुम्हाला देश निवडायला लागला तेवढाच."

दुसऱ्या दिवशी काकांनी खिडकी अर्ध्या दिवसावर बंद केली आणि सरळ दुकान गाठलं. विक्रेता बिचारा पाच वर्षांच्या वॉरंटीत काय बसतं आणि काय नाही ते पाठ म्हणून दाखवायला लागला. "ते राहू द्या," काका म्हणाले. "आज घरी पोचेल का, तेवढं सांगा." हे वाक्य त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकलं असतं तर कुणीतरी पाणी आणायला धावलं असतं.

पियानो आला. कपाट सरकवून खिडकीखाली लावला. मावशी बसली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटं फिरवली आणि म्हणाली, "छान आहे हो तुमचा पियानो."

तुमचा. काकांनी तो शब्द औषधाच्या गोळीसारखा गिळला.

ती वाजवायला बसली की ते माहितीपुस्तक घेऊन मागे उभे राहायचे. "पेडलवर पाय टेकवून ठेवू नये, असं लिहिलंय." "तो पाण्याचा पेला लांब." "हात कोरडे आहेत ना?" दोन दिवस तिने ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी खोक्यातून पियानोबरोबर फुकट आलेला हेडफोन काढला, कानाला लावला आणि वाजवायला लागली.

आता खोलीत नुसती पट्ट्यांची टकटक. मावशीचे खांदे डोलत होते, ओठांत हसू होतं, आणि पूर्ण किंमत मोजलेल्या माणसाच्या वाट्याला टकटक. तिकडे दोन तृतीयांशात साडूंनी सगळं गाणं ऐकून घेतलं होतं.

"मोठ्याने वाजव की," ते न राहवून म्हणाले.

"नको. मला चुकायची भीती वाटते."

"तिकडे नाही वाटत?"

"तिकडे चुकले तर चुकते. इथे चुकले, की आत पाणी गेलंय का ते बघायला तुम्ही येता."

काका पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि आजवर न वाचलेलं पान वाचायला लागले. त्यात एक चित्र होतं. पट्ट्यांच्या खाली डाव्या बाजूला हेडफोन लावायची दोन भोकं. दोन! त्यांच्या रेडिओच्या हेडफोनची पिन बारीक होती, म्हणून संध्याकाळी ते जाड पिनेचा जोड घेऊन आले. मग तिच्या शेजारी पाट टाकावा तशी लहान खुर्ची टाकली, वाकून पिन खुपसली आणि हात मांडीखाली दाबून बसले.

मावशीने बघितलं. त्यांना जागा व्हावी म्हणून डावा गुडघा तेवढा आत घेतला आणि वाजवायला सुरुवात केली.

संथ काहीतरी होतं. डावा हात चालत राहायचा, उजवा थांबून थांबून येऊन मिळायचा. एका ठिकाणी ती चुकली, मागे जाऊन पुन्हा आली. काकांचे हात मांडीखालीच राहिले. अंगावर शहारा आला, तो नक्की कशाचा ते त्यांना कळेना. आणि मग कळलं. हे, हे असं, तो माणूस खुर्ची टाकून तीन महिने ऐकत बसला होता!

त्यांनी तिच्या मनगटाला बोट लावलं. तिने एक कान मोकळा केला.

"हे तिकडे वाजवलंस?"

"वाजवलं की. पण तेव्हा अर्धंच येत होतं."

"अर्धंच ना? नक्की?"

"शेवट कालच बसला."

काकांनी अर्धं साडूंच्या नावावर टाकलं आणि अख्खं स्वतःच्या. जरा बरं वाटलं. "मग पुन्हा पहिल्यापासून घे," ते म्हणाले.

"घेते. अहो, छोटी विचारत होती, हे बोटीवर जायच्या आधी एकदा दोघं ऐकायला येऊ का?"

काकांनी हेडफोन कानावर घट्ट दाबला.

"येऊ देत की. पण त्यांना आधीच सांगून ठेव, भोकं दोनच आहेत."