खंड्याचं मुसकं

बॅगा शिवणाऱ्या बाईने मांजरं पाळू नयेत, असं माझ्या सासूबाईंचं मत. गिऱ्हाइकाच्या चामड्यावर नखं मारतात म्हणून. त्यांचं बरोबर आहे, पण दोन बोके आहेत ते आहेत. थोरला मास्तर. समोरच्याचा गृहपाठ राहिलाय अशाच नजरेने तो सगळ्यांकडे बघतो. धाकटा गोळा, त्याला खाणं आणि लोळणं यापलीकडे काही ठाऊक नाही.

समोर वायरमन राहतो. एकटा माणूस, बोलायला गोड, कामाला चोख. आमच्या मधे एकच अंगण, दोघांच्याही दारांना पायऱ्या. त्याने खंड्या नावाचं कुत्रं आणलं आणि आमचं दार उघडं ठेवायची सोय गेली. खंड्या अंगण ओलांडून थेट माझ्या पुढच्या खोलीत शिरायचा. तिथेच माझं मशीन, तिथेच गिऱ्हाईक. मग बोके वर, बॅगा खाली, आणि मी मधे झाडू घेऊन. दाराला फळी लावली, ती त्याने उडी मारून ओलांडली. अंगावर पाणी टाकलं, तर त्याला अंघोळ आवडली.

"दादा, आवरा हो त्याला," मी म्हटलं. "भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झालीय माझी."

"अहो ताई, लहान आहे. मस्ती करतो जरा."

मस्ती म्हणे! एका सकाळी त्या मस्तीत मास्तरचा मागचा पाय खंड्याच्या तोंडात सापडला. डॉक्टरांनी टाके घातले, जखम भरून आली. मास्तर मात्र कपाटावर चढून बसला तो उतरेचना. जेवण वर, वाळूचा ट्रे वर, सगळं वर. गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून बॅग देऊन जायचं. मला बाकी काही नको होतं. त्याने आपल्या पायांनी खाली यावं आणि पायरीवर उन्हात बसावं, एवढंच.

शेवटी मी घरमालकिणीकडे गेले. तिने वायरमनला बोलावून दोन शब्दांत निकाल दिला, "मुसकं बांधा, नाहीतर कुत्रं काढा."

वायरमन दुकानं फिरला. खंड्याचं थोबाड ना धड लांब, ना धड आखूड. तयार मुसकं एकतर गळून पडायचं, नाहीतर डोळ्यांत जायचं. मग आला माझ्याच दारात.

"कुठल्या तोंडाने आलात?" मी म्हटलं.

"खंड्याच्या," तो म्हणाला आणि टेप पुढे केली.

मला हसू आलं, काय करणार. माप घेताना खंड्या हनुवटी माझ्या तळहातावर टेकून गप्प बसला. कुत्र्यांचं मला कौतुक नाही, पण तेवढा वेळ बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मऊ चामडं घेतलं, कडेला दुहेरी टाका, मागे बक्कल. जीभ बाहेर निघेल, पाणी पिता येईल, दात लागणार नाहीत. माझ्या हातची वस्तू उसवत नाही. मी पैसे घेतले नाहीत, मला माझा बोका खाली हवा होता.

मुसकं घातलेला खंड्या अंगणात फिरायला लागला आणि मास्तर कपाटावरून बघत राहिला. बरेच दिवस नुसता बघत होता. मग एका सकाळी कपाटावरून मशीनवर, मशीनवरून खुर्चीवर, खुर्चीवरून जमिनीवर. मी पाय मशीनवरून काढला. "आले का लाटसाहेब खाली?" सासूबाई म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तो लंगडत दारापर्यंत गेला आणि पायरीवर उन्हात बसला.

खंड्याने त्याला पाहिलं. पुढचे पाय जमिनीला टेकवले, मागचा भाग वर, शेपूट गरागरा. कुत्री खेळायला बोलावतात तसं. मास्तर जागचा हलला नाही. खंड्या जवळ येईपर्यंत थांबला आणि मग पंजा मारला.

एकच मारला असता तर निभावलं असतं. खंड्या केकाटला, तोंड उघडायला गेला, ते पुरतं उघडेना. पायाने मुसकं ओढायला लागला, तेही निघेना. मागे सरत सरत पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यात अडकला, तरी मास्तर सोडेना. मी धावले. जन्मात पहिल्यांदा माझ्या बोक्याला झाडूने मारलं.

खंड्याचा एक डोळा गेला. त्याला रिक्षात घालून डॉक्टरांकडे मीच नेलं, वायरमन कामावरून तिथेच आला. मी सरळ सांगितलं, "मास्तरने केलं. मुसकं होतं, त्यामुळे खंड्याला काही करता आलं नाही."

त्याने टेबलावरचं मुसकं उचलून उलटसुलट पाहिलं.

"टाका मात्र एक निघाला नाही," तो म्हणाला.

टोमणा नव्हता तो. असता तर मी उत्तर दिलं असतं.

जखम भरली, पण खंड्या खाटेखालून निघेना. वायरमन त्याला उचलून बाहेर आणायचा, खाली ठेवला की तो पुन्हा आत पळायचा. घरमालकीण म्हणाली, आता मुसक्याची गरज नाही. आणि मास्तर? अंगण वाडवडिलांनी नावावर करून ठेवल्यासारखा हिंडायचा. समोरच्या दाराशी जाऊन बसायचा आणि आत बघायचा. मला त्याचा राग यायचा, त्याहून जास्त माझा.

काल वायरमन आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"ताई, सकाळी थोडा वेळ बोक्याला आत ठेवता येईल का? दुसरं काही नाही. खंड्याला अंगण मोकळं दाखवावं म्हणतो."

"ठेवते," मी म्हटलं.

आज सकाळी मास्तरला मागच्या खोलीत नेला. गोळा कोपऱ्यात झोपलेलाच होता, त्याला कशाचं काय. दार लावलं, तर मास्तर दारावर नखं ओढत गुरगुरायला लागला. म्हणून गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतला. त्याने माझं मनगट ओरबाडलं. आजवर कधी मला नख लावलं नव्हतं त्याने. पुढच्या खोलीच्या खिडकीशी सासूबाई उभ्या होत्या आणि तिथून मला सांगत होत्या.

"आणला गं त्याला दारात. उभा आहे. थरथरतोय."

तेवढ्यात मास्तरने मोठ्याने आवाज काढला, घरभर घुमेल असा.

"अगं, गप्प कर त्याला! मागे फिरला तो!"

मी मास्तरचं तोंड तळहाताने दाबून धरलं. नाक मोकळं ठेवलं. तो माझ्याकडे बघत होता. मीही त्याच्याकडे बघत होते.

"उतरला का?" मी विचारलं.

"एक पायरी," सासूबाई म्हणाल्या.

मी हात काढला नाही.