वाऱ्याची कढई

मित्रांनो, मी एअर फ्रायर आहे. वय विचाराल तर जेमतेम सहा वर्षं, पण परभणीजवळच्या पेडगावच्या कमीजास्त होणाऱ्या विजेनं आणि कडूबाईंच्या काथ्याच्या घासणीनं मला लवकर म्हातारं केलं. माझ्या मुठीचा एक कोपरा वितळला आहे. दोनशेच्या आकड्यातलं एक शून्य घासून घासून गेलं आहे. आणि माझी घंटी मुकी झाली आहे. त्या घंटीचीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

मी जन्मलो एका मोठ्या कारखान्यात. माझ्या पोटात वरच्या बाजूला एक तापणारी तार आहे आणि तिच्यावर पंखा. तार तापते, पंखा ती धग गरगर फिरवतो आणि कढईभर तेल न ओतता पदार्थ कुरकुरीत होतो. मला दोन बटणं. एक उष्णतेचं, दोनशे अंशांपर्यंत जाणारं. दुसरं मिनिटांचं, साठापर्यंत फिरणारं. मिनिटं संपली की मी वाजायचो, टिंग! त्या दोनशे अंशांचा मला काय तोरा होता म्हणून सांगू! आपल्याइतकं तापट जगात कुणी नाही, असंच मला वाटायचं.

राणीसावरगावच्या महारुद्रनं बहिणीच्या लग्नासाठी मला विकत घेतलं. बहिणीचं नाव कावेरी. लग्नात मला रुखवतात मांडलं, शंकरपाळ्यांच्या मनोऱ्याशेजारी. माणसं वाकून वाकून बघत होती. नवरदेवाची आई, म्हणजे आपल्या कडूबाई, पुढं आल्या आणि त्यांनी माझ्या डोक्यावर टिचकी मारली.

"ह्याच्यात तेल कुठं ओतायचं गं?"

"तेल लागत न्हाई, आत्याबाई," कावेरी हळूच म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणते.

"मग तळतंय कशात?"

"वाऱ्यात."

कडूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "वाऱ्याची कढई! काय बया एकेक निघालंय!" तेच माझं नाव पडलं.

लग्नानंतर आठच दिवसांत कडूबाईंनी माझ्यात भजी करायला घेतली. पळीभर पातळ पीठ थेट जाळीत सोडलं! ते सगळं भोकांतून खाली गळलं, जळलं, घरभर धूर झाला. "बिनकामाचं हाय," म्हणत त्यांनी मला खोक्यात घातलं आणि खोकं माळ्यावर गेलं.

माळ्यावरून दिसत काही नसे, ऐकू मात्र सगळं येई. सकाळी कडूबाईंची फोडणी तडतडे. संध्याकाळी त्यांचा मुलगा सारंग परभणीहून शाळेतली कारकुनी करून परत येई, त्याची मोटारसायकल ऐकू येई. एका पावसाळ्यात खालून रडणं ऐकू आलं. कावेरीचं बाळ तिसऱ्याच महिन्यात पोटातच गेलं होतं. त्या दिवशी घरात फोडणी तडतडली नाही.

पुढच्या माघात कावेरीला पुन्हा दिवस गेले. पुन्हा तिसरा महिना आला आणि घर श्वास रोखून बसलं. त्यात कावेरीला उलट्या सुरू झाल्या. पाणीसुद्धा टिकेना. कडूबाईंना वाटे, सुनेच्या तोंडाला चव नाही, म्हणून त्या फोडणी जास्तच खमंग करत. जितकं चमचमीत होई, तितकी कावेरी न्हाणीकडे पळे. परभणीला नेऊन दोनदा सलाईन लावून झाली.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?" एका संध्याकाळी कडूबाईंनी विचारलं.

सारंगचा आवाज खाली गेला. "औषध चालूच हाय. पण पोटात कायतरी टिकायला पाहिजे म्हणाल्या. वजन असंच उतरत ऱ्हायलं तर लेकराला अवघड हाय. आन् आई, तिला... तिला फोडणीचा वास सहन होईना. तुला सांगू नको म्हणाली ती."



"कामून न्हाई सांगितलं?" कडूबाई म्हणाल्या. "माझ्याच हातानं उपाशी मारायले होते की मी लेकराला!"

आणि मित्रांनो, ज्या बाईच्या फोडणीचं नाव सगळ्या गल्लीत होतं, तिनं त्याच घटकेला मोहरीचा डबा आणि तेलाची कॅन उचलली आणि शिडी लावून माळ्यावर आणली. नजरेसमोर असली की हात जाईल, म्हणून. डबा ठेवताना त्यांचा हात माझ्या खोक्याला लागला.

"अगं माय! ही तर वाऱ्याची कढई. हिला तेल लागत न्हाई म्हणे!"

अशा रीतीनं मी दोन वर्षांनी खाली आलो.

आता तळायचं काय? तेही घरातच होतं. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही, आणि येणारा प्रत्येक जण सफरचंदंच आणतो. शेजारच्या रुख्मिणीनं सहा आणली, कुणी किलो आणली. कावेरीच्या खाटेखाली पाटी भरून सफरचंदं होती आणि ती बिचारी त्यांच्याकडे बघूनच तोंड फिरवत होती. घरातली दोघं ती खाऊन खाऊन बेजार झाली होती.

पहिला प्रयत्न सारंगनं केला. पुस्तिका वाचली, सफरचंदाच्या चकत्या केल्या आणि माझं बटण थेट दोनशेवर नेलं. मी म्हटलं, आता दाखवतोच! लागलो की फुरफुरायला. वरच्या चकत्या पंख्याच्या वाऱ्यानं उडाल्या, तारेला चिकटल्या आणि कोळसा झाल्या. खालच्या नुसत्या लिबलिबीत. धूर खोलीत शिरला तशी कावेरीनं आतून दार लावून घेतलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ठिवून दे परत माळ्यावर," सारंग म्हणाला.

कडूबाईंनी एक लिबलिबीत चकती बोटांत धरून दाबली. "थांब की जरा. पाणी हाय ह्याच्यात. पाणी आधी उनाला देऊ, मग वाऱ्याला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विळीवर इतके पातळ काप केले की त्यातून पलीकडचं बोट दिसावं. काप मिठाच्या पाण्यातून काढले आणि अंगणात बाजेवर जुनं सुती लुगडं अंथरून एकेक मांडले. वरून पातळ धोतर पांघरलं. स्वतः काठी घेऊन कावळे हाकत सावलीत बसल्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावरून मला ते अंगण दिसत होतं, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा परभणीचं ऊन पाहिलं. ना तार, ना पंखा, ना बटण. अख्ख्या गावावर, रानावर, पत्र्यांवर एकाच वेळी पसरलेली ती धग! भिंती तापल्या, मातीतून वाफा निघाल्या, कुत्री रांजणाखाली जाऊन पडली. आणि तेच ऊन त्या नाजूक कापांना कुठंही न जाळता त्यांच्यातलं पाणी हलकेच काढून घेत होतं. मी टोपलीएवढं पोट तापवून फुशारकी मारत होतो! माझा सगळा तोरा त्या अंगणात गळून पडला. मला त्याची लाज नाही वाटली, उलट फार बरं वाटलं.

संध्याकाळी काप माझ्याकडे आले. कडूबाईंनी त्यांना काळं मीठ, भाजल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर तिखट आणि वाळल्या कैरीची पूड चोळली. जिरं भाजलं तेसुद्धा रुख्मिणीच्या घरी, वास इकडे नको म्हणून. काप उडू नयेत म्हणून वरून कुकरमधली भोकांची चकती ठेवली. हे पुस्तिकेत कुठंच नव्हतं.

"दोनशे न्हाई. निम्म्यावर ठिव," त्या सारंगला म्हणाल्या. "उनानं लय केलंय. आता उलीसंच ऱ्हायलंय."

मी जपून फिरलो. आयुष्यात इतकं जपून कधी फिरलो नव्हतो. मध्ये दोनदा त्यांनी काप उलटले. वीस मिनिटांनी मी वाजलो. सारंगनं एक काप उचलला तर तो वाकला! त्याचा चेहराच पडला.

"गरम हाय म्हणून वाकायलाय," कडूबाई म्हणाल्या. "निवू दे."

त्यांनी काप सुपात पसरले. थोड्या वेळानं सूप हलवलं आणि कान लावला. खडखड, खडखड. त्या आवाजावरूनच त्यांना कळलं. मला आकड्यांशिवाय काही कळत नाही, आणि ही बाई नुसत्या कानानं ओळखत होती. मी थक्क होऊन बघत राहिलो.

कावेरी भिंतीला धरून बाहेर आली. डोळे खोल गेलेले, बांगड्या कोपराकडे सरकलेल्या. वास घेऊन पाहिला. तोंड फिरवलं नाही. तिनं एक काप दातांखाली धरला. कर्र!

तिनं दुसऱ्या कापाकडे हात नेला, तो कडूबाईंनी धरला. "एकच. आधी टिकतंय का बघू." आणि त्यांनी काय करावं? मी रिकामा होतो, तसंच माझं मिनिटांचं बटण पंधरावर फिरवलं. "ही वाजली का मग दुसरा."

मित्रांनो, माझ्या पोटात काहीही नव्हतं आणि मी फिरत होतो. असली पंधरा मिनिटं मी पुन्हा कधी मोजली नाहीत. सारंग दारात उभा. कडूबाई सुनेचा हात हातात धरून पाटावर. पाचव्या मिनिटाला कावेरीनं डोळे मिटले. कडूबाईंचे ओठ हलायला लागले. नवव्या मिनिटाला कावेरी उठायला लागली तसा सारंग पुढं धावला, पण ती नुसतीच सावरून बसली. मला घाई करता येत नव्हती. मी मोजत राहिलो.

टिंग!

"आत्याबाई," कावेरी म्हणाली, "आणखी हायेत का?"

कडूबाईंनी अख्खं सूपच तिच्या ओटीत रिकामं केलं. मग अंगणात गेल्या आणि एकही कावळा नसताना मोठमोठ्यानं कावळ्यांना शिव्या देत डोळे पुसत राहिल्या.

त्या दिवसापासून मी रोज फिरलो. आधी सफरचंद, मग कच्ची केळी, पुढं पेरू. कापांमागून दहीभात टिकायला लागला, मग भाकरी. पाचव्या महिन्यात मोहरीचा डबा माळ्यावरून खाली आला. डोहाळजेवणाच्या ताटात पहिला मान माझ्या कापांना मिळाला. बाया विचारत, "कसं केलंय वो?" कडूबाई सांगत, "अर्धं उनानं केलंय, अर्धं हिनं." स्वतःचं नाव त्या घेत नसत.

मी मात्र कावेरीकडे बघून चक्रावून जाई. माझ्या पोटात काप वीस मिनिटं राहतात आणि काप म्हणूनच बाहेर येतात. तिच्या पोटात तेच काप गेले आणि त्यांचे कान झाले, नखं झाली, पापण्या झाल्या. मी काप केले, तिनं त्यांचं बाळ केलं!

दिवाळीच्या आधी मुलगी झाली. बारशाला एक म्हातारी म्हणाली, "आधीचं एक गेलंय. नाव कडू-दगडू असलंच ठिवा, म्हणजे नजर लागायची न्हाई."

"माझ्या आधीची दोन गेली म्हणून माझ्या आयनं भिऊन मला कडू केलं," कडूबाई म्हणाल्या. "आमी आता भीत न्हाई. चांगलं गोड नाव ठिवा." मुलीचं नाव प्राची ठेवलं.

गेल्या वर्षी ह्याच प्राचीनं माझं मिनिटांचं बटण जोर लावून उलटं फिरवलं. आत काहीतरी कट्कन तुटलं. मिनिटं सरतात, पण घंटी वाजत नाही. परभणीचा दुरुस्तीवाला म्हणाला, "टाकून द्या, नवीन घ्या." सारंगनंही मान डोलावली.

"मला बी कमी ऐकू येतंय आता," सोबत आलेल्या कडूबाई म्हणाल्या. "मला बी टाकून नवीन आणतोस का?" सारंग मला मुकाट्यानं घरी घेऊन आला.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी वस्तू मुकी किंवा पांगळी झालेली असेल. तिला बाहेर काढण्याआधी घरातल्या थोरांना एवढंच विचारा, की हिनं कुणासाठी काय केलं होतं. आणि चालत असेल तोवर तिला जपा. माझंच बघा. कालही कडूबाईंनी उन्हातले काप माझ्यात घातले आणि बटण फिरवलं. तीन वर्षांची प्राची पाटावर चढून हनुवटी ओट्यावर टेकवून बसली. तिच्याच आईनं त्या दिवशी जशी वाट पाहिली होती, तशी ती एकटक बटणाकडे बघत होती. बटण सरकत सरकत शून्यावर आलं. मी गप्प. आणि मग प्राचीनं छाती भरून श्वास घेतला, आणि माझ्या वतीनं सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडली, "टिंग!"