मावशींचा अंगठा आणि माझं डावं बटण

मित्रांनो, मी आहे एक जुना गेम कंट्रोलर. माझा रंग उडालाय, वायर दोनदा जोडलीय. बारा वर्षं मी शिवणकाम करणाऱ्या एका मावशींच्या हातात आहे.

आमचा खेळ पडत्या ठोकळ्यांचा. आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. मावशींची हुकमत टी-आकाराच्या ठोकळ्यावर. वर छप्पर असलेल्या खोबणीत तो सरळ शिरत नाही. टेकल्यावर, पक्का बसण्याआधी, पापणी लवायच्या आत त्याला फिरवावं लागतं. मग तो आत सरकतो आणि समोरच्या खेळाडूच्या पडद्यावर खालून अडथळ्याच्या, म्हणजे 'कचऱ्याच्या', ओळी चढतात. यालाच टी-स्पिन म्हणतात. डावीकडे वळवायचं काम माझ्या एका बटणाचं, उजवीकडे दुसऱ्याचं.

पूर्वी मावशी मला रोज पुसत. पुढे ते राहून गेलं. कापडाची बारीक धूळ माझ्यात साचत गेली.

शहराच्या स्पर्धेत, उपांत्य सामन्यात माझं डावं बटण दोनदा अडकलं. मावशी कशाबशा जिंकल्या, पण मंचावरून खाली येऊन अंगठ्याकडेच बघत बसल्या.

"संपलं गं," त्या सोबत आलेल्या भाचीला म्हणाल्या. "अंगठा ऐकेनासा झालाय. उद्या शिवणार तरी कशी मी?"

माझा जीव टांगणीला लागला. चूक माझी होती, पण सांगणार कसा?

भाची घड्याळं दुरुस्त करणारी. तिने मला कानाशी धरून डावं बटण दहा वेळा दाबलं.

"मावशी, तुझा अंगठा ठणठणीत आहे. हे बटणच रुतून बसतंय!"

"खरं सांगतेस? का माझं मन राखतेस?"

"तूच दाबून बघ, सावकाश."

मावशींनी दाबलं, तर बटण आतच रुतून राहिलं. मला उघडायला वेळच नव्हता. अंतिम सामन्यासाठी नाव पुकारलं होतं. मावशींनी सगळी रचना उलटी केली. ठोकळा फक्त उजवीकडे वळवावा लागेल अशाच खोबण्या रचल्या. बारा वर्षांची सवय मोडून! प्रत्येक टी खाली येताना मला वाटे, उजवं बटणही दगा देईल का? तीन स्पिन बसले. चौथ्याला डावीकडेच वळवणं भाग होतं. मावशी क्षणभर अडखळल्या आणि त्यांचा पडदा वरपर्यंत भरला.

मावशी हरल्या. पण खाली आल्या त्या हसत, दोन्ही अंगठे भाचीपुढे नाचवत.

दुसऱ्या दिवशी भाचीने मला उघडून चिमट्याने धाग्यांचा पुंजका काढला.

मित्रांनो, आम्हाला अधूनमधून साफ करत जा. आम्ही बिघडलो तरी गप्प असतो, आणि तुम्ही मात्र आमचा दोष स्वतःच्या हातांवर घेता.