पक्के की सुटे

घरात ती धाकटी. वयानं लहान म्हणून हे नाव पडलं आणि पुढे उंचीही लहानच राहिली, तेव्हा ते बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही. हाडांची वाढच तशी होती. हात-पाय आखूड, धड मोठ्या माणसाचं, आणि जीभ आईची. चष्म्याच्या दुकानात ती काउंटरमागे उभी राहिली की गिऱ्हाइकाला फक्त तिचं डोकं दिसायचं, म्हणून मालकांनी तिच्या बाजूनं लांब लाकडी फळी टाकून घेतली होती. त्या फळीवरून फिरत ती दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागच्या काड्या गरम करून वाकवायची. 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं, की समोरच्यानं 'मूर्ती' म्हटलं की पुढचं ती स्वतःच पुरं करून टाकायची.

आठवड्यातून दोनदा ती डोळे तपासायची पेटी घेऊन वृद्धाश्रमांत जायची. तेव्हा गाडी चालवायला वडील. त्यांचा सगळा जन्म अँब्युलन्स चालवण्यात गेला होता. निवृत्तीनंतर गुडघा कुरकुरायला लागला, तशी त्यांनी क्लच नसलेली छोटी गाडी घेतली आणि धाकटीची ने-आण हाच आपला धंदा मानला. बसच्या पायऱ्या तिच्या मांडीपर्यंत यायच्या, त्यामुळे तिनंही कधी नाही म्हटलं नाही.

एका सकाळी डावीकडच्या गल्लीतून एक सायकलवाला आला. धाकटीला तो चांगला लांबून दिसला होता. वडिलांना दिसला तो थेट बंपरपुढे. गाडी कचकन थांबली, सायकलवाला शिव्या देत निघून गेला आणि वडील म्हणाले, "कुठून टपकतात हे, काही कळत नाही."

दुपारी दुकान जेवायला बंद झालं, तेव्हा तिनं वडिलांना खुर्चीत बसवलं. एक डोळा झाकायला लावला, समोर बघायला सांगितलं आणि आपलं बोट कानाच्या बाजूनं हळूहळू पुढे आणलं. "दिसलं की सांगा."

"आण की पुढे," वडील म्हणाले.

बोट त्यांच्या भुवईच्या टोकाशी आलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती, थेंब घालून उरलेली तेवढी जपायची. आणि गाडी आजपासून बंद. परतीच्या रिक्षात वडील म्हणाले, "या गावात मी डोळे मिटूनसुद्धा गाडी चालवीन."

"तेच तर करत होतात," धाकटी म्हणाली. बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण शब्द काही परत घेता येत नाही.

आठवडाभर घरात कुणी गाडीचं नाव काढलं नाही. मग एका सकाळी अंगणातून करवतीचा आवाज यायला लागला. धाकटी बाहेर येऊन बघते तर वडील जुन्या पलंगाचा खूर कापत बसलेले. दोन ठोकळे तयार झाले. त्यांच्या एका बाजूला त्यांनी टायरचं रबर चिकटवलं, दुसऱ्या बाजूला कमरेच्या पट्ट्याचे तुकडे ठोकले.

"हे पेडलला बांधायचे," ते म्हणाले. "म्हणजे तुझे पाय पोचतील. गाडी तू चालवायची. मी शिकवतो."

इतक्या वर्षांत हा विचार त्या घरात कुणी बोलून दाखवला नव्हता. धाकटीनं तर स्वतःशीसुद्धा नाही. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "बापाचा जीव आणि पलंगाचा पाय. बघा बाई कसं जमतंय." पण दोन जाड उश्या तीच घेऊन आली.

गावाबाहेर एका बंद पडलेल्या गोदामाचं मोकळं आवार होतं. तिथे शिकवणी सुरू झाली; गाडी तिथवर नेण्या-आणण्याचं काम शेजारचा मुलगा करायचा. वडील मास्तर म्हणून उत्तम होते. ओरडत नसत, घाई करत नसत. "गाडीला हुकूम सोडू नकोस, विनंती कर," म्हणायचे. धाकटी उश्यांवर बसून, सीट पार पुढे ओढून, स्टिअरिंगला जवळजवळ छाती टेकवून गाडी हाकायची. पाय अधांतरी लोंबायचे, टाचेला आधार नसायचा, पिंढऱ्या भरून यायच्या. पण गाडी तिच्या पायानं पुढे जायची आणि तिच्याच पायानं थांबायची. रात्री अंथरुणात पडल्यावरही तिचे पाय चालवत राहायचे.

मग एकदा वळण घेताना ॲक्सिलरेटरच्या ठोकळ्याचा पट्टा सैल झाला. ठोकळा फिरला आणि त्याचं टोक ब्रेकखाली अडकलं. धाकटीनं ब्रेक दाबला, तो खाली जाईना. तिनं जोर लावला तसा खालचा ठोकळा दाबला गेला आणि गाडी थांबण्याऐवजी उसळून पुढे निघाली. तिला काही सुचेना. वडिलांनी एका हातानं हँडब्रेक ओढला, दुसऱ्यानं गिअर काढला आणि गाडी भिंतीशी रचलेल्या जुन्या टायरच्या ढिगात जाऊन थांबली.

धाकटीची छाती स्टिअरिंगवर आपटली होती. श्वास घ्यायला दुखत होतं, पण मोडलं काही नव्हतं. वडील गाडीतून उतरले, तिच्या बाजूला आले, खाली वाकून दोन्ही ठोकळे उपसून काढले आणि तसेच हातात धरून उभे राहिले.

"हे मी बांधलं तुझ्या पायाखाली," ते म्हणाले.

"बाबा, तुम्हीच थांबवलीत ना."

त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

आईला सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं. आईनं त्याच संध्याकाळी हळद-तेल गरम केलं आणि "कुठे लागलंय ते दाखव" म्हणाली.

त्यानंतर वडिलांनी विषय सोडला, पण धाकटीनं धरला. एकदा गाडीनं तिचं ऐकलं होतं आणि ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं. परवान्याच्या ऑफिसात चौकशी केली तेव्हा तिथल्या कारकुनानं आधी तिच्या मागे कुणी मोठं माणूस आहे का ते पाहिलं. मग सांगितलं, की गाडीत रीतसर बदल करून, तपासणी होऊन पास झाले, तर शिकाऊ परवाना मिळतो. अपंगांच्या गाड्या करून देणारं एक गॅरेज आहे, तिथे जा.

गॅरेज एका बाईचं होतं. पन्नाशीच्या, केस आखूड, हातावर ग्रीसचे डाग. आधी नवरा चालवायचा, आता त्या. शेजारच्या मुलाला गाडी चालवायला सांगून धाकटी वडिलांना घेऊन गेली.

"हिला पाय पोचत नाहीत," वडील सांगायला लागले. "तर पेडल जरा—"

"काका, गाडी कोण चालवणार आहे?" मेकॅनिकबाईंनी विचारलं.

"ही."

"मग त्यांना बोलू द्या." आणि धाकटीला म्हणाल्या, "बसा तुम्ही. उश्या काढा त्या आधी."

त्यांनी तिला रिकाम्या सीटवर बसवलं आणि शिंपी कपडे बेततो तसं सगळं मोजलं. टाचेपासून गुडघा, गुडघ्यापासून पाठ, खांदा, डोळ्यांची उंची. दिवसभर लोकांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजणाऱ्या धाकटीला स्वतःचं माप कुणी असं घेतलेलं आठवत नव्हतं. लहानपणी डॉक्टर घ्यायचे, पण ते किती कमी भरतंय हे बघायला. ही बाई मोजत होती ते किती पुरवायचंय म्हणून.

ठोकळ्यांची हकिकत धाकटीनं सांगितली. मेकॅनिकबाई हसल्या नाहीत. "सगळे आधी तेच करतात," म्हणाल्या. "नशीब की एअरबॅग उघडली नाही. तो फुगा फटाक्यासारखा उघडतो. छातीपासून स्टिअरिंग निदान एक वीत आणि वर चार बोटं लांब पाहिजे. म्हणजे सीट मागे राहणार आणि पेडल तुमच्याकडे येणार. तुम्ही पेडलकडे जायचं नाही."

मग काय काय लागेल ते त्यांनी सांगितलं. दोन्ही पेडलना लोखंडी जोड, नट-बोल्टनं आवळलेले. टाचा टेकायला खाली पक्का लोखंडी ओटा. उश्यांच्या जागी सीटला जखडलेली कडक बैठक. पट्टा गळ्यावरून न जाता खांद्यावरून जावा म्हणून एक कडी. परदेशी यंत्रंही मिळतात, पण त्यांच्या किमतीत दुसरी गाडी येईल. "तुम्हाला त्यांची गरज नाही. साधं काम आहे हे. गाडीच्या दोन दारांना रंग मारायला जेवढं जातं, तेवढ्यात बसेल. फक्त एक सांगा, जोड पक्के बसवू की सुटे?"

"म्हणजे?"

"सुटे असले की काढून ठेवता येतात, दुसऱ्या कुणाला गाडी चालवायची असेल तर. पण खर्च वाढतो, आणि दर वेळी खटका नीट बसलाय का ते तपासावं लागतं. पक्के म्हणजे पक्के. मग लांब पायाच्या माणसाला ती गाडी चालवता येणार नाही. घरात आणखी कोण चालवतं?"

धाकटीनं उत्तर द्यायच्या आत वडील म्हणाले, "सुटे बसवा."

मेकॅनिकबाईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं वडिलांकडे. ते भिंतीवर टांगलेले पाने बघत होते, किंवा बघितल्यासारखं करत होते. आई गाडी चालवत नव्हती. भाऊ दूरदेशी होता. सुटे कुणासाठी, हे विचारण्यासारखं नव्हतंच. परक्या माणसासमोर बापाला खोडून काढणं तिच्या जिवावर आलं. "विचार करून सांगते," ती म्हणाली.

घरी आल्यावर ती दोन दिवस घुटमळली. वडील बरोबर नव्हते, पण चूक आहेत असं सांगायचं म्हणजे त्यांच्या हातून शेवटची किल्ली काढून घ्यायची. आपल्याला गाडी हवी आहे म्हणून आपण हे करतोय का, असंही तिच्या मनात येऊन गेलं. आपल्या सोयीत आणि त्यांच्या भल्यात फरक कुठे पडतो, ते तिला नीट सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन अंगणात गेली. वडील गाडीजवळ स्टुलावर बसले होते.

"बाबा, ते जोड..."

"पक्के बसव," ते म्हणाले.

ती थांबली.

"काल तू दुकानात गेल्यावर मी गाडी काढली. चौकापर्यंत. म्हटलं, बघू तरी." ते चहाच्या कपाकडे बघत बोलत होते. "गेलो, आलो. काही झालं नाही. मनात म्हटलं, हे डॉक्टर उगाच घाबरवतात. उतरलो आणि बघतो तर डावा आरसा मिटलेला. कशाला तरी घासून गेला होता. आणि मला ठाऊकच नाही, कशाला."

धाकटी खाली पायरीवर बसली.

"मग मी चालत परत गेलो. सगळा रस्ता. प्रत्येक गेटपाशी थांबून बघत. शाळेजवळच्या दिव्याच्या खांबावर आपल्या गाडीचा रंग सापडला. तेवढाच होता. पण तो सापडेपर्यंत, पोरी, त्या रस्त्यावरून चालताना माझं काय झालं ते सांगता येत नाही मला."

ती त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली. समजुतीचे दोन शब्द तिला सुचले होते, पण तिनं ते गिळले. वडिलांना आता समजुतीची गरज नव्हती. त्यांचं त्यांना समजलं होतं. चहा निवून गेला तेव्हा आई आतून म्हणाली, "दुसरा टाकू का?" दोघांनी हो म्हटलं.

जोड पक्के बसले. ओटा बसला, बैठक बसली. पहिल्यांदा टाचा टेकवून, पाठ टेकवून, स्टिअरिंगपासून हवी तेवढी लांब बसली तेव्हा धाकटीला इतकं साधं वाटलं, की ती थोडी खट्टूच झाली. याला इतकी वर्षं लागावीत असं त्यात काही नव्हतं. शिकवणी पुन्हा त्याच आवारात, त्याच मास्तरांकडे झाली. परीक्षेला पहिल्या खेपेला ती गाडी उलटी घेताना चुकली आणि नापास झाली. "छान," वडील म्हणाले. "नापास झालेला ड्रायव्हर आरशात जास्त बघतो." दुसऱ्या खेपेला पास झाली.

पुढचे काही महिने वडील तिच्या शेजारी बसायचे आणि प्रत्येक वळणावर उजवा पाय जमिनीत रोवायचे. "बाबा, तिथे ब्रेक नाहीये," ती म्हणायची. "माहीत आहे," म्हणायचे आणि पुढच्या वळणावर पुन्हा दाबायचे. हळूहळू ती वृद्धाश्रमांत एकटी जायला लागली. लोक सिग्नलला बघायचे, कुणी पोराला दाखवायचे. तिचं लक्ष रस्त्यावर असायचं, त्यामुळे पूर्वीइतकं दिसायचं नाही.

डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी डोळ्यांचा दाब तपासायला जावं लागे. अशाच एका खेपेला आईनं सांगून टाकलं, "आज मी पुढे बसते. यांच्या त्या पायानं गाडीची जमीन फुटेल एखाद दिवशी." वडील मागे बसले. परतताना रस्ता मोकळा होता. आई भाजीच्या भावांबद्दल बोलत होती. मागून बराच वेळ काही सूचना आली नाही, म्हणून धाकटीनं वरच्या आरशात पाहिलं.

वडील झोपले होते. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर मोकळे. चालत्या गाडीत त्यांना झोपलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. पुढे खड्डा दिसला, तसा तिनं पाय अलगद सैल सोडला आणि गाडी हळूच त्यावरून काढली.