अख्खे कागद

मी बोलतोय, कागद कातरायचं मशीन. नेदरलँड्समधल्या लेउवार्डनला कालव्याकाठी निन्केचं सायकली भाड्यानं द्यायचं दुकान आहे ना, त्याच्या काउंटरखाली असतो. कुठल्या कारखान्यात बनलो ते आठवत नाही. आठवतो तो पहिला घास: कुणाच्या तरी ओळखपत्राची झेरॉक्स. सायकल नेणाऱ्या प्रत्येकाची झेरॉक्स निन्के ठेवायची आणि सायकल परत आली की मला भरवायची. नाव, फोटो, नंबर, सगळ्याच्या बारीक पट्ट्या. चव मला कळत नाही, पण काम एकदम चोख.

घोळ वाऱ्यानं घातला. आमच्याकडे रद्दी गावातला बँड नेतो, ती विकून वाद्यं घेतो. शुक्रवारी संध्याकाळी खोकी दारात ठेवायची, शनिवारी सकाळी गाडी येते. बँडमधले ट्रम्पेटवाले सीत्सेकाका एकदा खोक्यातून उडालेल्या पट्ट्या दाढीतून वेचत आत आले.

“निन्के, ही रद्दी आहे की वरात गं? सगळा रस्ता भरलाय. अख्खे कागद देत जा बाई.”

“देते काका. उगाच माझा बँड वाजवू नका.”

झालं. मी बंद. माझ्यावर हेल्मेटं रचली गेली. खोक्यात अख्ख्या झेरॉक्स जायला लागल्या.

एका शनिवारी गाडी यायच्या आतच आमचं खोकं गायब. निन्केला वाटलं, नेलं असेल कुणी बँडवाल्यानं.

महिन्याभरानं सीत्सेकाका एक पत्र घेऊन आले. त्यांच्या ओळखपत्रावर कुणीतरी चार मोबाइल हप्त्यानं उचलले होते.

“माझा तर बटणांचा फोन आहे गं. माझं ओळखपत्र कुणाला सापडलं?”

काकांनी आमच्याकडून सामानाची सायकल नेली होती. त्यांची झेरॉक्स त्याच खोक्यात होती. निन्के बोलली नसती तर कुणाला कळणार होतं? आणि बोलली तर दुकानात कोण येणार? तिनं हेल्मेटांच्या ढिगाकडे बघितलं.

“माझ्या दारातून गेलं, काका. आणखी सदतीस जणांची झेरॉक्स होती त्यात.”

काका खुर्चीत बसले.

“अख्खे कागद मीच मागितले होते,” ते म्हणाले. “भाड्याची वही काढ. अर्धे फोन मी करतो.”

सगळे फोन झाले. नऊ गिऱ्हाइकं पुन्हा आली नाहीत.

आता निन्के झेरॉक्स काढतच नाही. ओळखपत्र बघते, हातोहात परत देते. मला पाकिटांवरचे पत्ते तेवढे मिळतात आणि माझ्या पट्ट्या काका पिशवीत भरून घरी नेतात, सशांखाली घालायला.

तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी ढिगाखाली पडला असेल, तर त्याला बाहेर काढा. दारात ठेवलेलं खोकं कुणीही उचलतं. चला, काका पिशवी घेऊन आलेत.