ताठ उभं राहून घेतलेलं माप

नवी सायकल घरी आली त्या दिवसापासून टेलरमास्तरांचे पाय जमिनीवर नव्हते. पातळ चाकांची, खाली वाकलेल्या हँडलची, एका हाताने उचलता येईल अशी ती रेसिंग सायकल त्यांनी शिलाई मशीनशेजारीच उभी केली होती. कापड बेतता बेतता मध्येच कात्री थांबे आणि मास्तर मनातल्या मनात टेकडीच्या रस्त्याला लागत. शेजारी लेक, सगळीकडे धुकं आणि पेडल न मारताच पुढे पुढे नेणारी वाट. या स्वप्नात चढ कुठेच नव्हता.

लेक सोमवारी नोकरीसाठी दूर निघणार होती. दर रविवारी पहाटे ती सायकलवरून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाई, आणि इतकी वर्षं मास्तर "पुढच्या रविवारी नक्की" म्हणून तिला वाटाण्याच्या अक्षता लावत आले होते. आता एकच रविवार उरला होता. तो हुकला तर लेकीबरोबरचा हा रस्ता राहूनच जाणार, हे त्यांना सारखं टोचत होतं.

पण सायकल म्हणजे भलतंच प्रकरण निघालं. चार दिवस मास्तर पहाटे गुपचूप सरावाला गेले. मान आखडली, तळहात बधिर झाले आणि दुसऱ्या वळणावर असा दम लागला की दगडावर बसून त्यांनी चांदण्या मोजल्या. त्यांतल्या काही आकाशात नव्हत्याच. उडायचं राहिलं बाजूला, रांगायचीसुद्धा मारामार.

रविवारी लेकीने त्यांना फाटकाशी सायकलवर बसलेलं पाहिलं आणि ती थबकलीच.

"बाबा, हे माप कोणी दिलं?"

"कोणी म्हणजे? मीच! दुकानदार घेत होता. म्हटलं, तीस वर्षं जगाची मापं घेतोय, माझं तू काय घेणार?"

"घेतलंत कसं?"

मास्तरांनी माप घेतलं होतं ते आरशासमोर ताठ उभं राहून, छाती काढून, पोट आत ओढून. दुकानात एखादं गिऱ्हाईक असं उभं राहिलं की मास्तरांचं वाक्य ठरलेलं असे: "श्वास सोडा साहेब, कोट रोज घालायचाय, नुसता फोटोत नाही." आणि वाकून चालवायच्या सायकलीसाठी स्वतःचं माप देताना मात्र ते पंचविशीतल्या पोरासारखे उभे राहिले होते.

लेकीने त्यांच्या गळ्यातली टेप काढून आपल्या गळ्यात टाकली. रविवारीसुद्धा ती त्यांच्या गळ्यात असे. मग त्यांना सायकलवर वाकायला लावून तिने पाठ मापली, हात मापले.

"श्वास सोडा, बाबा."

मास्तरांनी सोडला. पोट सुटलं, खांदे उतरले. आधी लाज वाटली, मग फार बरं वाटलं. तिने पाना आणून हँडल दोन बोटं वर घेतलं, सीट पुढे सरकवली.

"आता हळू जायचं. मी मागे आहे."

उडणं नव्हतंच. पण चाकांची बारीक सळसळ होती, धुक्याने अर्धी पुसलेली झाडं होती आणि मागून येणारा लेकीचा श्वास होता. आपण अजून झोपेतच आहोत की काय, असं मास्तरांना वाटून गेलं. दुसरं वळण आलं आणि मागे पडलं. तिसऱ्यावर पाय संपले. टाकी अजून वर, धुक्यात कुठेतरी होती.

"तू जाऊन ये. माझं माप इथवरच."

ती गेली नाही. सायकल झाडाला टेकवून त्यांच्या शेजारी उभी राहिली. खाली घरांचे दिवे एकेक करून विझत होते. उद्याचा विषय दोघांनीही काढला नाही. ती ताठ उभी होती, ओठ घट्ट मिटून, टाकीच्या दिशेने बघत. असं उभं राहणारं माणूस मास्तर लांबूनही ओळखत.

त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"श्वास सोड, बाळा."

तिने सोडला, आणि कितीतरी दिवसांचं दाबून ठेवलेलं रडू त्याच्याबरोबर बाहेर आलं. टेप अजून तिच्याच गळ्यात होती. मास्तरांनी ती परत मागितली नाही.